भूपातला नी

चहा आधी संपवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या, मालूच्या, नाकातून चहा आला, आणि तिच्या सासूबाईंनी त्याचाही दोष माझ्या शिक्षणाला दिला.

ज्या सुमारास वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच सुमारास मी बी. ए. होऊन नागपूरहून यवतमाळला परतले. दोन्ही गोष्टींनी आमच्या घरात काडीचा फरक पडला नाही. बाबा कचेरीतून येत आणि बैठकीत तीन मित्र जमवून पत्ते कुटत. आई आत बसून कोणत्या स्थळापुढे मला कोणतं पातळ नेसवायचं याचा हिशोब करी.

मी जाहीर केलं, मी पोरांना पेटी शिकवणार. कॉलेजात असताना संगीताच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पेटी स्वतःची होती. अजून काय लागतं?

"वर्ग कुठे भरवणार?" बाबांनी विचारलं.

"बैठकीत."

"आणि आम्ही?"

"मागे गोठ्याशेजारी ऐसपैस जागा आहे."

बाबांनी हातातले पत्ते नीट जुळवून ठेवले. "गणपतीपर्यंत बघतो," ते म्हणाले. "मंडपात एका तरी विद्यार्थ्याकडून धड वाजवून दाखव. दाखवलंस तर बैठक तुझी. नाही तर वर्ग बंद. मग अकोल्याचे पाहुणे येतील तेव्हा मुकाट्यानं पोह्याच्या बश्या घेऊन बाहेर यायचं."

म्हणजे बघा, माझी पेटी, माझी खोली आणि माझं लग्न, सगळं एका पोराच्या दहा बोटांवर आलं.

पण मला भीती कसली? माझ्याकडे पद्धत होती. आमच्याकडचे जुने गुरुजी काय करायचे, तर पोराला 'सा' दाबायला सांगून स्वतः लोडाला टेकून घोरायचे. मी तसलं चालू देणार नव्हते. मंगळवारी आणि शनिवारी वर्ग, शिवाय रोज घरी रियाझ. प्रत्येकाला एक वही. आठवडाभर काय घोटायचं ते मी लिहून देणार, सूर मात्र वर्गात ऐकूनच उचलायचे, आणि रोज रियाझ झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिथे सही करायची. रविवारी सकाळी मी वह्या तपासणार.

वडीलधाऱ्यांचं काम एवढंच. त्यापलीकडे त्यांनी पाऊल टाकू नये म्हणून दारावर पाटी लावली होती: 'पालकांनी आत येऊ नये. सूचना करू नयेत.'

आत येणारे एकच प्रौढ गृहस्थ, आमचे तबलजी सदूभाऊ. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर बसत, शनिवारी माझ्याकडे ठेका धरत. वर्ग सुटला की दर शनिवारी डग्ग्यावर फडकं घालता घालता विचारत, "बाई, एक सांगू का?"

"तबल्यापुरतं असेल तर सांगा."

"तबल्यापुरतं नाई ना."

"मग राहू द्या."

उन्हाळ्यात वर्ग सुरू झाला. नऊ पोरं. सगळ्यांना मी भूपाची एक गत बसवायला घेतली. भूप म्हणजे पाचच सूर, पोरांना सोपा. म आणि नी त्यात घ्यायचेच नाहीत. हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

नवांत सगळ्यात वाईट होती शकू. नऊ वर्षांची. भाता असा हाणायची की सायकलच्या चाकात हवा भरते आहे. तिला सोडायला तिचे आजोबा येत. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, काळी टोपी, लांब छत्री, बारीक खोकला. पाटी वाचून ते आत आले नाहीत, पण घरीही गेले नाहीत. वर्ग सुटेपर्यंत आमच्या ओट्यावर बसून राहत. मला त्यांची पाठ खिडकीतून दिसे. तेवढ्यानंही माझं डोकं फिरे.

आता गंमत ऐका. बाकीच्यांच्या वह्यांत रविवारी अर्ध्या सह्या एकाच पेनानं एकाच दमात केलेल्या असत. शकूच्या वहीत मात्र एक दिवस रिकामा नाही. खाली कोर्टाच्या वळणदार अक्षरात: 'आज सायंकाळी सहा ते सात रियाझ झाला. सबब सही.'

मला शंका आली. एवढा रियाझ करणारी पोरगी वर्गात अशी का वाजवते? एका संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गेले. माजघराच्या खिडकीतून पेटी ऐकू येत होती.

मी जागच्या जागी थांबले. माझीच गत. संथ, पण स्वच्छ. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, प्रत्येक सूर विचार करून ठेवलेला. दोन सायकलवाले माझ्याकडे बघून गेले तरी मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाला कळलं की माझी पद्धत लागू पडली आहे. अर्ध्या गावाला मीच सांगितलं.

पण शनिवारी शकू पुन्हा चाकात हवा भरायला लागली. मग मी विचार केला. मला बी. ए. ला मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही. घरी येतं, इथे येत नाही, म्हणजे इथे भीती आहे. भीती कोणाची? ओट्यावर काळी टोपी घालून कोण बसतं?

वर्ग सुटल्यावर मी बाहेर गेले. "आजोबा, मंगळवारपासून शकूला एकटीला पाठवा."

"काहून बाई? मी काई बोलतो का?"

"तुमच्या नुसत्या बसण्याचं दडपण येतं तिच्यावर."

"तिच्यावर?" त्यांनी वळून नातीकडे पाहिलं. दडपलेली नात त्यांच्याच छत्रीच्या मुठीनं आमचे कच्चे पेरू ओढून पाडत होती.

"मले बसू द्या ना बाई. त्या कडुनिंबाखाली बसतो. खोकणार बी नाई."

"नाही म्हणजे नाही. तुमची पिढी मुलांना मोकळा श्वासच घेऊ देत नाही."

आजोबांनी नातीच्या हातातून छत्री घेतली आणि गेले. मला अगदी समाजसुधारणा केल्यासारखं वाटलं.

पण दोन आठवड्यांनी गल्लीतून गेले, तर खिडकीतून तोच जुना पाठ. पुढचा एक सूर नाही. म्हणजे माझ्या ओट्यावरून उठवलेली दहशत आता घरात जाऊन बसली होती. मी शकूच्या वहीत तांबड्या शाईनं लिहिलं: 'रियाझाच्या वेळी आजोबांनी घरात थांबू नये.'

रविवारी वही आली. साती दिवस एकच मजकूर: 'बाईंच्या सूचनेबरहुकूम सहा ते सात घराबाहेर होतो. रियाझ झाला नाही. सबब सही.'

"हा उर्मटपणा बघा," म्हणत मी वही बाबांपुढे टाकली.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "माणूस खरं लिहितो आहे असं वाटतं मला."

"तुम्ही म्हातारे एकमेकांचेच."

गणपती आले. एकट्यानं वाजवायला मी नाव दिलं शकूचं. माझ्या कानांनी ऐकलं होतं ना? ती बिचारी सांगायला आली होती. "बाई, मले नाई येत. ते घरी मी—"

"येतं. मोठ्यांची भीती मनातून काढून टाक," मी म्हटलं आणि तिच्या वेणीत अबोलीचा गजरा खोचला.

मंडपात पहिल्या रांगेत बाबा आणि त्यांचे तीन पत्तेवाले. गोठ्याशेजारी चार महिने डास मारून आलेले, त्यामुळे अगदी लक्ष देऊन बसलेले. शकू पेटीपुढे बसली. दोन सूर वाजवले. हात मांडीवर ठेवले.

"मले नाई येत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आजोबाले येते."

"म्हणजे?" माझा आवाज चिरकला.

"घरी तेच बसतेत ना पेटीवर. मी लगोरी खेळाले जातो."

मंडप हसला. माझ्या पायाखालची सतरंजी गरम झाली. मागे खांबाला टेकून काळी टोपी उभी होती. वहीत खोटं एक अक्षर नव्हतं. रियाझ झाला एवढंच लिहिलं होतं. कोणी केला ते मी कधी विचारलंच नव्हतं. आणि रियाझ करणाऱ्याला मी आधी ओट्यावरून उठवलं, मग त्याच्याच घरातून.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आत येऊ का?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आजोबांनी छत्री नातीकडे दिली, टोपी सारखी केली आणि वाजवायला लागले. अगदी जिथे मी त्यांना उठवलं तिथपर्यंत. मध्ये एकदाही खोकले नाहीत. संपलं आणि मंडपानं टाळ्यांचा कडकडाट केला. मी बाबांकडे बघून हनुवटी वर केली. अजून थोडी अक्कल यायची होती.

सदूभाऊंनी तबल्यावरचे हात उचलले. "आजोबा, नंबर एक. पण भूपात हा नी कोणी घातला?"

"बाईंनी," आजोबा अभिमानानं म्हणाले. "वर जातानी दर खेपेला येते. ओट्यावर बसून कान देऊन ऐकलं मी. त्यांचा एक दिवस चुकला नाई."

मी तिथल्या तिथे मांडीवर बोटं चालवून पाहिली. ध वरून वरच्या सा वर जाताना माझं बोट मधल्या नीला शिवून जात होतं. दर खेपेला. शकू सोडून आठही पोरांच्या हातात तोच नी होता, पण त्यांच्या बाकीच्या चुकांत तो खपून जाई. आजोबांची स्वतःची एकही चूक नव्हती, म्हणून माझी दिसली.

"हेच तर सांगाचं होतं," सदूभाऊ खाली बघत पुटपुटले. "दर शनवारी."

बाबा उठले. "एक विद्यार्थी धड वाजवेल असं ठरलं होतं. वय ठरलं नव्हतं. बैठक तुझी." मग उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "फक्त आधी तू कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बस."

अकोल्याचे पाहुणे आले नाहीत. दारावरची पाटी मी स्वतः काढली. आजोबा आता वर्गात पहिल्या रांगेत बसतात, शकू उघडपणे लगोरी खेळते, आणि मी रोज सकाळी कोरी वही घेऊन नव्यानं भूप घोटते. नियम नियम आहे, सही वडीलधाऱ्यांचीच लागते. बाबा म्हणाले, त्यांना सुरातलं कळत नाही, म्हणून ज्यांना कळतं त्यांच्याकडून घेते. कालचीच नोंद वाचून दाखवते:

'आज सकाळी सात ते आठ बाईंचा रियाझ समक्ष झाला. नी अजून येतो. सबब सही.'