दूध-भाकरीतली गोळी

हे सांगायला माझ्याजवळ माणसं नव्हती असं नाही. बहीण आहे, भाऊ आहे, शेजारच्या काकू तर रोजच्याच. पण चार वर्षं ओठांपर्यंत आलेलं गिळत आले — एकालाही कळू दिलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला धीर होतोय.

आमचं गाव बेलापूर. आमच्या ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक पार राहुरीकडून ह्यांच्याकडे आणायचे, कारण ह्यांनी भरलेली मोटार लवकर जळत नाही असा लौकिक होता. दातांत बिडी धरून, मनातल्या मनात तारेचे वेढे मोजत बसायचे. दिवसाला तीन बंडलं. खोकून खोकून डोळे लाल व्हायचे, पण सोडायचं नाव काढलं की म्हणायचे, "माझा बा ह्यानंच गेला, मी बी ह्यानंच जानार," आणि हसायचे. सासरे फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले होते. ह्यात हसण्यासारखं काय होतं?

माझ्या भावाला, संजूला, डॉक्टरांनी सिगारेट सोडायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यानं त्या अर्ध्यावर टाकल्या. उरलेल्या मी मागून घेतल्या, आणि त्या संपल्यावर त्याच्याच चिठ्ठीवर आणत राहिले. हे सकाळी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, वर गूळ घालून खायचे. गोळी वेलदोड्याबरोबर खलबत्त्यात कुटली की दुधात काही कळत नव्हतं. गणपतीच्या सुमारास सुरू केलं — त्यांना न सांगता.

तुम्ही म्हणाल, बाई, नवऱ्याच्या जिवासाठीच केलंस ना? दारू सोडवायला बायका भाजीत पुड्या मिसळतात, गावोगाव चालतं हे. मीही स्वतःला हेच सांगायचे. पण थांबा — अजून मी काहीच सांगितलेलं नाही.

संजूनं गोळ्या का टाकल्या, ते मला ठाऊक होतं. तो म्हणाला होता, "ताई, ताप न्हाई, कुठं दुखत न्हाई, पन सारखं कसंतरी हुतंय. अंग माझं हाय असंच वाटत न्हाई." डॉक्टरांनी त्याला बजावलंही होतं, असं वाटलं तर लगेच या, औषध बदलू. म्हणजे अजाणतेपणी झालं म्हणायची सोय मला नाही.

तिसऱ्या आठवड्यात ह्यांच्या तोंडून तोच शब्द आला — कसंतरी. थर्मामीटर लावला, ताप नाही. पोट दाबून पाहिलं, दुखत नाही. तोंडाला चव नाही, झोपेत दचकणं, भर दुपारी शटर ओढून आडवं पडणं. ज्या माणसानं कधी डोकं दुखतंय म्हटलं नव्हतं, तो भिंतीला टेकून हाताकडे बघत बसायचा. मग एका शेतकऱ्याची मोटार आठ दिवसांत जळून परत आली. ह्यांनी ती उघडली, वेढे चुकलेले पाहिले आणि शटर ओढलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "बाचं बी असंच सुरू झालं हुतं."

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं स्वच्छ. मग त्यांनी विचारलं — दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का? हे माझ्याकडे बघायला लागले, कारण औषधपाण्याचं मीच बघते. मी म्हणाले, "नाही." एरवी दुसऱ्याच्या खोटेपणावर नाकानं कांदे सोलणारी मी — आणि तो शब्द जराही अडखळला नाही.

आता खरं सांगते. दिवाळीपर्यंत बिडी सुटली होती. धुराचाच त्यांना उबग आला होता. जे हवं होतं ते मिळालं होतं, गोळी तेव्हाच थांबवता आली असती. मी थांबवली नाही. का? — कारण मला बरं वाटत होतं. तेवीस वर्षं अंगावर खेकसणारा माणूस आता "बस ना जरा, कुठं चाललीस" म्हणत होता. जेवण मी भरवायचं, डोकं मी चेपायचं, आल्यागेल्याशी मी बोलायचं. घरात पहिल्यांदाच माझं चालत होतं. ते आजारी होते म्हणून माझे होते, आणि मला ते तसेच हवे होते. हे लिहितानाही लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

संक्रांतीच्या आसपास त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. त्याच दुपारी मला जवळ बसवलं. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ह्यांनी मला माहेरी जाऊ दिलं नव्हतं. कामाचा हंगाम आहे म्हणाले, आणि मी पोचले ती मातीलाच. त्यावर इतक्या वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. त्या दुपारी माझा हात धरून म्हणाले, "तुझ्या आईच्या येळी मी लई वंगाळ वागलो. मी आता काय ऱ्हात न्हाई. एवढं पोटात घाल." रडत होते. लहान पोरासारखे रडत होते.

तेव्हा सांगायचं होतं ना? एका वाक्याचं तर काम होतं — तुम्ही मरत नाही, ही गोळी आहे. मी त्यांचे डोळे पुसले, "असं अभद्र बोलू नका" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोळी कुटली.

पश्चात्ताप होऊन थांबले असं सांगता आलं असतं. तसं नाही. मेडिकलवाल्यानं नवी चिठ्ठी मागितली, म्हणून थांबले.

पंधरा-वीस दिवसांत ते उठून बसले, नीट जेवू लागले. दुकानात मात्र परत गेले नाहीत. हाताचा भरवसा उरला नाही म्हणतात. पुतण्या बोलावतो, तेव्हा दारापर्यंत जातात आणि उघडी मोटार दिसली की मागे फिरतात. अजून साठीही झालेली नाही. सकाळपासून ओट्यावर बसून असतात, रस्त्यावरची रहदारी बघत. आईचा विषय पुन्हा काढला नाही त्यांनी. मीही काढला नाही.

परवा नणंद आली होती. तिच्यासमोर म्हणाले, "मरनाच्या दारातून वढून आनला हिनं मला. ही नसती तर मी कवाच गेलो असतो." नणंदेचे डोळे भरून आले. ती उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे. मी तिला अडवलं नाही.