उपाशी वाफा

हिरवंगार पीक बघून मळमळावं, अशी वेळ माझ्यावर आली ती निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना. मी माती तपासणारी बाई. बेंगळुरूच्या उत्तरेला एक जुनं संशोधन शेत आहे, आता चारी बाजूंनी अपार्टमेंटांनी वेढलेलं. राजाजीनगरहून बस बदलत मी रोज तिथे जायची. सगळी नोकरी तिथेच गेली.

या शेताचा सगळा मान एका वाफ्यात होता आणि तो वाफा दिसायला अगदी भिकार होता. रासायनिक खतं आपल्याकडे नवी होती, त्यांच्यावर कुणाचा फारसा भरवसा नव्हता, त्या काळात इथल्या कुणी शहाण्या माणसांनी एकाच जमिनीचे वाफे पाडले. एकाला नुसतं शेणखत, एकाला नुसतं रासायनिक, एकाला दोन्ही आणि एकाला काहीच नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या सगळ्यांत रागी पेरायची, म्हणजे आपली नाचणी, आणि मातीचं काय होतंय ते पाहत राहायचं. काहीच न दिलेल्याला आम्ही उपाशी वाफा म्हणायचो. त्यातली रागी गुडघ्यालाही लागायची नाही. पानं पिवळी, कणसं मरतुकडी. पण बाकीच्या वाफ्यांना काय मानवलं आणि काय नाही, हे त्याच्याशी ताडूनच कळायचं.

म्हणून त्याचं सोवळं कडक. वाफ्याच्या कोपऱ्यावर एक नळ होता. आत जाणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, खुरपं धुवायचं आणि मगच बांध ओलांडायचा. शेजारच्या वाफ्यातलं खत पायाला चिकटून आत जायला नको. मी नवीन होते तेव्हा माझ्या पहिल्या सरांनी खुद्द खात्याच्या सचिवांना बुटांसकट आत जाताना हात आडवा घालून थांबवलं होतं. सचिव लालबुंद झाले, पण मोजे काढून त्यांनी पाय धुतले. घरच्या देवघरात मी कधी इतक्या नेमानं गेलेली नाही.

मग नवे प्रमुख आले. पुण्याचे. मराठी माणूस म्हणून सुरुवातीला मला बरंच वाटलं. त्यांना मात्र आमच्या इकडच्या मराठीची गंमत वाटायची. ‘किती क्यूट बोलता हो मॅडम,’ असं चारचौघांत म्हणायचे. बेळ्ळंदूरला उंच इमारतीत राहायचे आणि तिथल्या तळ्याच्या वासाबद्दल सकाळी आल्या आल्या नाक मुरडायचे. आणि हो, मृदाशास्त्रातले डॉक्टर. हे लक्षात असू द्या, कारण माझी सगळी चीड तिथेच आहे.

यंदाच्या पावसाळ्यात वरून एक मोठे पाहुणे येणार असं कळलं. प्रमुखांनी शेतावर चक्कर मारली. उपाशी वाफ्यापाशी थांबून म्हणाले, ‘हे फारच डिप्रेसिंग दिसतं हो.’ मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले आणि भाचीच्या लग्नाला बेळगावला गेले. तिथे ताप आला, त्यामुळे मुक्काम लांबला.

परत आले तर उपाशी वाफा काळसर हिरवा झालेला. तो हिरवा कशाचा असतो हे ओळखायला मला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. बांधावरच खाली बसले.

शेतावरच्या आमच्या अण्णांना हाक मारली. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या जुन्या मराठी घरातले, माझ्या आधीपासून इथे राबणारे. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, ‘साहेब बोलले अक्का. यूरिया नि डीएपी. स्वल्पच घातलो, थोडंसं.’ मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, ‘पण पाय धुऊनच आत गेलो. देवाशपथ. बादलीसुद्धा धुतलो.’

आता या माणसावर काय चिडायचं? आयुष्यभर पाळलेलं सोवळं त्यांनी तेव्हाही पाळलं आणि स्वच्छ धुतलेल्या पायांनी जाऊन वाफा बाटवून आले.

मी तडक प्रमुखांच्या खोलीत गेले.

‘अहो मॅडम, रिलॅक्स,’ ते म्हणाले. ‘युरिया काय, दोन पावसांत वाहून जातो.’

‘आणि डीएपीतला स्फुरद? आपल्या लाल मातीत तो वर्षानुवर्षं चिकटून बसतो. हे मी तुम्हाला सांगायचं?’

‘माहितीये मला. पण व्हिजिटर्सना वाटलं असतं, आपण शेताकडे लक्षच देत नाही. पुढच्या वर्षीपासून परत झीरो. कुणाला कळणारे?’

अजाणतेपणी झालं असतं तर मी समजावलं असतं, रडले असते, काहीतरी केलं असतं. या गृहस्थांनी सगळं माहीत असून शेण खाल्लं होतं आणि वर माझ्यापुढे बडीशेपेची डबी धरली होती. मला त्या डबीचीसुद्धा किळस आली.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. वाफ्यावर कन्नडमध्ये पाटी होती, ‘कोणतंही खत नाही’. त्यांनी पाटी वाचली, रागीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘कधीच काही घातलं नाही? आणि तरी इतकी छान?’

‘आपल्या मातीची ताकद, सर,’ प्रमुख म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही.

पाहुणे वाकले. चिमूटभर माती उचलून त्यांनी कपाळाला लावली. लोकांनी भराभर फोटो काढले. ‘मग आपण शेतकऱ्यांना खतं घ्या म्हणून कशाला सांगतो?’ असं ते सोबतच्यांना विचारत होते. सगळे माना डोलवत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कन्नडमध्ये, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘सर, या वाफ्यात गेल्या महिन्यात युरिया घातलाय. डीएपीसुद्धा.’

सगळ्यांच्या माना प्रमुखांकडे वळल्या. मग प्रमुख हसले. ‘मॅडमना रिटायरमेंटचे वेध लागलेत, आता सगळ्यांची चेष्टा करतात.’ पाहुणेही हसले, कारण तेच सोयीचं होतं. कपाळावरची माती तशीच ठेवून ते चहाकडे वळले. त्यांच्यामागून सगळी वरात गेली. माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मी मातीचा नमुना घ्यायला पिशवी आणि खुरपं घेऊन एकटीच मागे राहिले. सवयीनं चपला काढल्या, नळ सोडला, पाय पुढे केले. खुरपंही धारेखाली धरलं. पाणी पायांवरून वाहत राहिलं आणि मी बघत राहिले. आता कशापासून जपायचं होतं त्याला?

नळ बंद केला. चपला पुन्हा पायांत अडकवल्या, शेणखताच्या वाफ्यातून चिखल तुडवत गेले आणि तशीच बांध ओलांडून उपाशी वाफ्यात शिरले.

लांबून अण्णा ओरडले, ‘अक्का, पाय! पाय धुवायचे राहिले!’