फोनवरचा मिस्त्री

कारंजाच्या जिनिंग कारखान्यात मी आणि माझी मोठी जाऊ शेजारशेजारच्या रेच्यांवर कापूस घालायचो. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. सारे रेचे पट्ट्यांनी एका लांब दांड्याला जोडलेले, आणि तो दांडा विजेच्या मोटरीवर फिरायचा. काही बिघडलं की आवारातच राहणारा म्हातारा मिस्त्री धावत यायचा.

मालकांना तो महाग वाटायला लागला. अकोल्याचा एक मिस्त्री फोनवरूनच दुरुस्ती सांगायला तयार झाला.

म्हातारा म्हणाला, "मशीन न पाहता कसं सांगन तो?"

"तू पाहून तरी काय दिवे लावले?" मालक हसले. म्हाताऱ्याचं बिऱ्हाड आवाराबाहेर गेलं. फोन कोणी भलत्या कामाला वापरू नये म्हणून ऑफिसात लाकडी पेटीत ठेवला. पेटीची किल्ली मुनीमजींच्या कमरेला.

एका दुपारी जावेच्या रेच्यात ओला कापूस गुंतला. मोटर बंद केली. मुनीमजींनी अकोल्याला फोन जोडला. ते ऑफिसच्या खिडकीतून ओरडायचे, दारातला मुकादम ते आम्हाला सांगायचा. आधी निरोप आला, "हातानं कापूस काढा." जावेने हात आत घातला. मिस्त्रीने पुढे सांगितलं होतं की पट्टे उतरवा, मग मोटर चालू करून पाहा. हे आम्हाला मागाहून कळलं. फोनमध्ये खरखर होती. मुनीमजींना जेवढं ऐकू आलं तेवढं ते ओरडले, "मोटर चालू करा!"

"थांबा! हात हाय आत!" मी किंचाळले. तोवर मुकादमाने खटका दाबला होता.

तिला ओढून काढलं तेव्हा मनगटाखाली काही ओळखू येत नव्हतं. मी ऑफिसकडे धावले. मुनीमजी अजून फोनवरच होते. "हो, फिरली, मस्त फिरली," ते सांगत होते.

"मुनीमजी, दवाखान्यात फोन लावा ना! गाडी पाठवाले सांगा!"

"हा फोन मशीनसाठी हाय. मालकाले विचारल्याबिगर नाही लावत." त्यांनी पेटीला कुलूप घातलं.

आवारात कापसाने भरलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या. मुकादम म्हणाला, "कापसावर नका निजवू, डाग पडते." मग मी आणि आणखी एका बाईने तिला धरून सरकारी दवाखान्यापर्यंत चालवत नेलं. वाटेत ती एकदाच बोलली, "माह्या बांगड्या सापडल्या काय व?"

डॉक्टरांनी हात मनगटापासून कापला. जखम भरल्यावर ती जिनात गेली, तर मुकादमाने फाटकातच अडवलं. "एका हाताची बाई कायले पाहिजे?" तिच्या रेच्यावर दुसरी बाई लागली होती. फोनवरची दुरुस्ती चालूच राहिली.

तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली. जावेने डाव्या हाताने भाकरी थापायला शिकून घेतलं होतं. जेवताना तो नव्या बायकोपुढे तिची भाकर उचलून धरायचा. "हे पाह्य. ढोराले चालन, मानसाले नाही."

ती पिठाचा दुसरा गोळा घ्यायची आणि थापायला लागायची.