गळती किती?

पडद्यावर आईचं हृदय उघडझाप करत होतं. झडप मिटली की निळ्या रंगाचा एक झोत उलटा मागे जायचा. तंत्रज्ञ मुलगी त्या निळ्याभोवती माउसने रेघ ओढत होती. आईची ही तिसरी इको. पहिल्या रिपोर्टात गळती मध्यम होती, दुसऱ्यात तीव्र. आता तिसऱ्यात आलं, मध्यम ते तीव्र!

"मग ऑपरेशनचं काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"थांबून बघू. बीपी बदललं की आकडेही थोडे बदलतात." मग ते अजून आडव्याच असलेल्या आईकडे वळले. "आजी, त्रास काय होतो?"

"काही नाही. बरं आहे."

माझा संताप संताप झाला. अंघोळ करून बाहेर येईपर्यंत हिला धाप लागते, आणि म्हणे बरं आहे! बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलेच.

"अगं, तिथं पडल्या पडल्या खरंच बरं वाटत होतं," ती म्हणाली. "चालायला कुठं सांगितलं कुणी?"

दुखणं आडवं निजवून मोजतात, पण जगायचं असतं उभ्यानं. तीन रिपोर्ट झाले, तरी हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी तिला तशीच परत आत नेलं. "डॉक्टर, हिला जरा चालवून बघा."

ते कपाळाला आठ्या घालत उठले आणि व्हरांड्यात तिच्याबरोबर चालू लागले. चौथ्या खिडकीशी आईने भिंत धरली. डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.