अक्कांची सुतळी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. गेली एकोणीस वर्षं त्या माणसांना परदेशी पाठवतात, पण स्वतः अजून विमानात बसलेल्या नाहीत. त्यांची संस्था गरीब देशांतल्या पाण्याच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या कामांसाठी माणसं निवडते, तीन महिने शिकवते आणि रवाना करते. निवडतातही अक्का, शिकवतातही अक्का, आणि शेवटच्या दिवशी दारात उभं राहून हात हलवतात त्याही अक्काच. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणतात, "हात हलवायचा पगार मिळतो हिला."

त्यांचा वर्ग मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिला. तिसरा मजला, जिना चढून दम लागलेला. खुर्च्या एकमेकींत अडकवून ठेवलेल्या, फळा कितीही पुसला तरी मागचं अक्षर दिसतंच. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात जागोजागी टाचण्या. अक्कांनी पाठवलेलं एकेक माणूस म्हणजे एकेक टाचणी. काहींचे रंग उडून गेलेत.

त्या दिवशी 'म्हातारी' चालू होती. ही अक्कांनीच काढलेली परीक्षा. बुटक्या स्टुलावर गावातली म्हातारी होऊन अक्का बसतात, मांडीवर गुंतलेल्या सुतळीचा हा मोठा गोळा. उमेदवाराच्या हातात चिठ्ठी असते: गावात नळ आणायचाय, ही बाई नको म्हणते, कारण समजून घ्या. वेळ वीस मिनिटं. म्हातारी आपणहून बोलत नाही, सुतळी सोडवत राहते. समोरचा किती वेळ धीर धरतो ते अक्का मनात मोजतात. मी पाहत होते तो इंजिनियर अर्ध्या मिनिटात नळाचे फायदे सांगू लागला. अक्कांनी नंतर त्याच्या कागदावर लिहिलं, 'ऐकत नाही'. वर्गाला त्या एवढंच सांगायच्या, की आधी तोंड बंद ठेवायला शिका, बाकीचं मी शिकवीन.

परदेशी जायची संधी त्यांना आधी तीनदा आली होती. एकदा मुलाची दहावी, एकदा सासूबाईंचं खुब्याचं हाड, एकदा भाऊजींची बदली. यंदा चौथ्यांदा जागा निघाली, दोन वर्षांची, तिथल्याच लोकांना शिकवायची. वयाची अट पंचावन्न, आणि अक्कांना पंचावन्नावं संपायला दोन महिने उरलेले. मुलगा नोकरीला लागलेला, सासूबाई आता नाहीत. अर्ज भरताना त्या मला म्हणाल्या, "या वेळी नाही गेले, तर मरेपर्यंत दारातच उभी राहीन गं मी."

भाऊजी त्या महिन्यात स्वतःच्या शर्टांना इस्त्री करायला शिकले. दोन कॉलर जाळल्या, पण कुरकुर केली नाही.

मुलाखत मुख्य कार्यालयात होती. तोंडी प्रश्न चांगले गेले. मग प्रात्यक्षिक, आणि प्रात्यक्षिक कुठलं, तर म्हातारी. स्टुलावर एक चष्मेवाली मुलगी, सहा वर्षांपूर्वी अक्कांच्याच हाताखाली तयार झालेली, मांडीवर सुतळी घेऊन. अक्का समोर बसल्या आणि गप्प राहिल्या. मुलगीही गप्प. आधी बोलायचं नाही, हे तिला अक्कांनीच घोटून घोटून शिकवलेलं. परीक्षकांचा चहा आला, पिऊन झाला. वीस मिनिटांनी घंटी वाजली. दोघींनी एक शब्द काढला नव्हता.

आठ दिवसांनी पत्र आलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'संवाद सुरू करण्याची तयारी दिसली नाही'. भाऊजी आधी खोकला लागेपर्यंत हसले, मग अक्कांच्या तोंडाकडे बघून उठले आणि उगाच पंखा पुसायला लागले.

मी दुपारी गच्चीवर गेले तेव्हा अक्का वाळलेल्या चादरी काढत होत्या. डबलबेडची चादर एकट्याने घडी घालायची म्हणजे खटाटोप. त्या हनुवटीखाली टोक धरून झगडत होत्या. मी जाऊन समोरची दोन टोकं धरली. एक चादर झाली, दुसरी झाली. चौथ्या चादरीला त्या बोलल्या.

"पोरगी अगदी मी शिकवलं तश्शी बसली होती."

मी चादर ताणून धरली.

"तू मला काही विचारलं का नाहीस आल्यापासून?"

"चादरी पडल्या होत्या ना," मी म्हटलं.

त्यांनी घडी घालायची थांबवली. टोकं हातात तशीच. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत मांडीवरच्या सुतळीला कुणी हात लावला नाही, आणि मुलाखतीत समोर होती तेव्हा त्यांनाही सुचलं नाही. मग म्हणाल्या, "नाही, एकीने लावला होता. एक नर्स होती, चार वर्षांपूर्वी. आली, खाली बसली आणि सुतळीचं मोकळं टोक धरून गुंडाळायला लागली. मी तिला नापास केलं. लिहिलं, लक्ष दुसरीकडे जातं."

त्यांनी हातातली घडी पुरी केली. मी पुढची चादर काढली.

त्या जागेवर अजून कुणाचीच निवड झालेली नाही, एवढं नकाराच्या पत्राखाली लिहिलं होतं. शिफारशी शुक्रवारपर्यंत पाठवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी अक्कांनी जुन्या कागदांचं कपाट उपसलं. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा केसांत धूळ, आणि हातात त्या नर्सचा पिवळा पडलेला अर्ज. चप्पल न काढताच दाराशी बसून त्यांनी नंबर लावला. चार वर्षांत बदलला असेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण फोन कानाला तसाच.

रिंग बरीच गेली. मग पलीकडे कुणीतरी उचलला, मागे वॉर्डमधली गडबड ऐकू येत होती. त्या बाईने कोण म्हणून विचारायच्या आतच अक्का बोलल्या.

"बाई, माझं चुकलं होतं. पाच मिनिटं आहेत का तुमच्याकडे?"

पाच मिनिटं नव्हती. सलाइन लावायचं होतं. अक्का म्हणाल्या, थांबते मी, आणि फोन कानाला धरून तशाच बसून राहिल्या.