शेख सरांना पानिपत जिंकायचं होतं

आमच्या क्लबातल्या गोष्टी सांगायला बसलो की ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला म्हणतो, "काहीही सांगता राव!" त्याचा दोष नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं मलाच खरं वाटत नाही. दर रविवारी काहीतरी असं होतं की घरी आल्यावर पंख्याखाली दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. बायको तांब्या-भांडं आणून ठेवते आणि विचारते, "आज काय झालं?" मला सांगता येत नाही. अशा न सांगितलेल्या गोष्टींचा आता ढीग झालाय.

आधी क्लब म्हणजे काय ते सांगतो. वसमतला एका खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही इंचभर उंचीचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळतो. टेबल टेनिसचं जुनं टेबल हे रणांगण. कुठली फौज किती पुढं सरकली ते टेपने मोजायचं, कोण मेलं ते फाशांवर ठरवायचं. मी सरकारी मोजणीदार, लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजणारा. त्यामुळे टेप माझ्याकडे आणि पंचही मीच. खेळणारे मुख्य तिघं. हट्ट्याचे गंगाधर आप्पा, शेतकरी. मिलिंद, डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारा. आणि शेख सर. यांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, रिटायर झाल्यावर मोबाइलवर हा खेळ पाहिला आणि आमच्या गळ्यात मारला.

सरांची इच्छा एकच. एकदा, फक्त एकदा, मराठ्यांच्या बाजूने पानिपत जिंकायचं! "तीस वर्षं फळ्यापुढं उभा राहून दर साली हरलो," ते म्हणायचे, "एकदा जिंकून तर बघू द्या." आम्ही अठरा वेळा पानिपत मांडलं. सर अठरा वेळा हरले. त्यात लेकीकडे सोलापूरला कायमचं राहायला जायचं ठरलं, आणि मग तर ते फारच घायकुतीला आले.

*

आमच्याकडे पानिपत मांडायचं म्हटलं की पहिली अडचण एकच. अफगाण व्हायला कोणी तयार होत नाही! कोणाची पाठ दुखते, कोणाला अचानक पाहुणे येतात. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याच्या नावाची निघेल त्याला पहिला चहा, अशी पद्धत पडली.

एकदा एक नवे बँकवाले साहेब आले. बदलून आलेले, हौशी. चिठ्ठ्या पाहून हसले आणि सहज बोलून गेले, "एवढं कशाला? शेख सर आहेत ना. अफगाण त्यांना देऊन टाका."

आप्पांच्या हातातला कप तसाच राहिला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सर मात्र आपल्या तोफा पुसत होते. मराठ्यांकडून लढलेल्या गारद्यांचा तोफखाना ते नेहमी स्वतः मांडायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. मान वर न करता म्हणाले, "साहेब, त्या दिवशी आम्ही इकडून लढलो होतो. शेवटचा गोळा संपेपर्यंत. तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

साहेबांनी गुपचूप अफगाण घेतले. वर त्या दिवशी तेच जिंकले, आणि जिंकल्याबद्दल सरांची दोनदा माफी मागून गेले!

*

सैनिक मिलिंद ओततो. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याचेच. सुरुवातीला रंग द्यायला वेळ नव्हता, त्यामुळे दोन्ही फौजा हिरडीच्या रंगाच्या. आप्पांनी एकदा चांगला अर्धा तास लढून आपलीच माणसं कापून काढली होती.

तर एका शनिवारी मिलिंदने दोन डबे भरले. एक हिंगोलीला दातांच्या एका दवाखान्यात जायचा, दुसरा क्लबात यायचा.

रविवारी आप्पांनी आमचा डबा उघडला. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डबा आमच्याकडे फिरवून म्हणाले, "मिलिंदा, ह्यो कोनता सरदार बाबा?"

आत अख्खी कवळी! वरची, खालची, दोन्ही.

मिलिंदच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हिंगोलीला फोन लावला, पण तोवर उशीर झाला होता. जवळा बाजारच्या एक आजी नातवाच्या लग्नाआधी दात बसवायचे म्हणून सकाळीच दवाखान्यात येऊन खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी डबा उघडला तर आत सहा घोडेस्वार, भाले उगारलेले. आजींनी एकेक घोडा हातात घेऊन पाहिला, तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "बसवा सायेब. पर हे भाले तेवढे घासून घ्या, जिभंला लागतेल!"

*

आप्पा एकदा सरांच्या बाजूने होते. मराठ्यांचं सगळं घोडदळ त्यांच्या हाती. डाव असा रंगात आला होता की सर उभे राहून खेळत होते. अफगाणांची डावी बाजू मोकळी पडली होती. आप्पांनी सरळ घोडी घालायची, खेळ खलास!

मधे फक्त हिरव्या पायपुसण्याचा एक तुकडा होता. ते ज्वारीचं शेत.

आप्पांनी घोडी उचलली. पायपुसण्यापाशी आणली आणि थांबले. मग बाजूने वळवली, एकामागे एक, बांधाबांधाने.

"आप्पा, सरळ जा ना!" सर ओरडले.

"उभ्या पिकात घोडी घालू? मंग म्या हट्ट्यात तोंड कुटं दाखवू?"

"आप्पा, ते पायपुसणं आहे!"

"असंल. पेरलंय तर कुनीतरी."

मी पंच. मी नियम वाचून दाखवला, शेतातून जायला परवानगी आहे असं लेखी काढून दाखवलं. आप्पा ढिम्म. बांधाने जायला चार पाळ्या लागल्या. तेवढ्यात अफगाण सावरले आणि सरांची फौज मधोमध कापली गेली. सर मटकन खुर्चीत बसले. आप्पांना वाईट वाटलं असावं. जवळ जाऊन हळूच म्हणाले, "सर, ह्या लढाईत ज्वारी काढनीला कवा येती? तवर थांबता आलं असतं आपल्याला."

*

पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर न लढणारीही माणसं होती. बायका, म्हातारे, यात्रेकरू. त्यांना बुणगे म्हणायचे. त्यांना सांभाळायचं म्हणून मराठ्यांचे पाय अडकले, असं सर सांगायचे. म्हणून टेबलावर बुणगेही पाहिजेतच, हा त्यांचा हट्ट. एवढी माणसं मिलिंद कधी ओतणार? तेव्हा सरांनी भाजलेले शेंगदाणे आणले. एक शेंगदाणा म्हणजे हजार माणूस. छावणीच्या मागे ढीग मांडला आणि त्याच्याभोवती दोऱ्याचं कुंपण घातलं.

त्या दिवशी आप्पांचे व्याही आले होते, साखऱ्याचे. त्यांना टेबलाशेजारी मानाने खुर्ची दिली. व्याही कौतुकाने पाहत राहिले. सगळं विचारलं, हत्ती कोणता, तोफ कोणती. आम्हीही रंगात येऊन सांगत होतो.

तासाभराने सरांचं लक्ष छावणीकडे गेलं. कुंपण जागेवर. आत चार-पाच दाणे!

सरांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही चघळत होते. सर पांढरेफटक. आप्पा जमिनीकडे पाहू लागले. व्याह्याला कोण काय बोलणार? आप्पांची पोरगी त्यांच्या घरात नांदते! मिलिंद तोंडात रुमाल कोंबून जिन्यात पळाला.

व्याह्यांनी हात झटकले आणि मोकळ्या मनाने विचारलं, "अजून हायत का?"

"होते," सर म्हणाले. "चाळीस हजार होते!"

*

आणि आता गेल्या रविवारचं सांगतो.

सरांचा तो शेवटचा खेळ. सामान आधीच सोलापूरला गेलं होतं. जावई गाडी घेऊन खाली दुकानासमोर उभे होते. चारच्या आत निघायचं होतं.

सर यायच्या आधी आम्ही तिघांनी ठरवून टाकलं. आज सर जिंकलेच पाहिजेत. आप्पा आणि मिलिंद, दोघं अफगाण. चिठ्ठी नाही, काही नाही. दोघांनी मुद्दाम वेड्यासारखं खेळायचं. आणि मी? मी इतक्या वर्षांत कोणाच्या बांधाचं बोटभर इकडचं तिकडे केलेलं नाही. लोकांनी पाया पडून पाहिलं, शिव्या दिल्या, एक जण तर विळा घेऊन अंगावर आला होता. तरी नाही केलं. पण त्या दिवशी आप्पांनी हात धरला, "एवढ्या बारीला, मोजनीदार," आणि मी मान हलवली.

खेळ सुरू झाला. आप्पांनी आपले सगळे उंट नेऊन एका कोपऱ्यात उभे केले.

"आप्पा, उंट तिकडं काहून नेले?" सरांनी विचारलं.

"सावली हाय तिथं."

सरांनी एकदा उंटांकडे पाहिलं आणि तोफा पुढं सरकवल्या. मिलिंदनेही आपलं पायदळ उगाच मागे घेतलं. तीन वाजेपर्यंत सरांच्या तोफा अफगाण शहाच्या तंबूसमोर येऊन ठेपल्या. तंबू पाडला की पानिपत जिंकलं! तोफेचा पल्ला बारा इंच. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"मोजा," सर म्हणाले.

मी टेप लावली. चौदा. धडधडीत चौदा! मी वर पाहिलं. आप्पा माझ्याकडे पाहत होते. मिलिंद माझ्याकडे पाहत होता.

"बारा," मी म्हणालो. "बराबर बारा."

सरांनी फासा टाकला. सहा! तंबू आडवा!

आप्पांनी अशी आरोळी ठोकली की खालचा दुकानदार वर बघायला आला. मिलिंदने सरांना मिठी मारली. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. अठरा वेळा हरलेला माणूस जिंकला होता.

सर मात्र टेबलाकडे पाहत होते. मिलिंदचे हात त्यांनी हळूच सोडवले आणि माझ्यापुढे हात केला.

"टेप द्या."

मी टेप दिली. सर वाकले, एक टोक तोफेच्या तोंडाशी धरलं, दुसरं तंबूपाशी नेलं. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून आकडा वाचला.

"चौदा," ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. आडवा पडलेला तंबू उचलून त्यांनी जागेवर उभा केला, नीट सरळ केला.

"अफगाणांची पाळी. आप्पा, उंट बाहेर काढा. नीट खेळा."

आप्पांनी एकेक उंट कोपऱ्यातून बाहेर काढला. खाली पुन्हा हॉर्न वाजला. सर खिडकीशी गेले आणि बाहेर वाकले.

"जमीलमियां, गाडी बंद कर दो!"

"कितनी देर, अब्बा?" खालून आवाज आला.

सरांनी एकदा मागे वळून टेबलाकडे पाहिलं.

"जीतने तक!"