जर्मनीला निघालेली होल्डरची पिन

वीजतंत्राचा डिप्लोमा माझा, पण परदेशी न्यायची पिन निवडली वडिलांनी आणि मी नुसती मान डोलावली. ही शरमेची गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वडील बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी, आम्ही राहायला अमरावतीत. मला जर्मनीतल्या एका कारखान्यात दोन वर्षांचं प्रशिक्षण मिळालं, तेव्हा वडिलांनी एकच अट घातली: साहेबांपुढं चुरगळलेल्या शर्टात उभं राहायचं नाही. त्यांच्या वडिलांना गावात स्वच्छ धोतर नेसून निघायचीही चोरी होती. आम्ही बौद्ध झाल्यापासून घरात एखादं जेवण चुकलं असेल, इस्त्री चुकली नाही. म्हणून ट्रंकेत सगळ्यात आधी विजेची इस्त्री गेली.

राहिली पिन. अमरावतीच्या दुकानदारांनी हात वर केले, तेव्हा रेल्वेच्या पासावर अकोला गाठलं. तिथल्या दुकानदारानं दोन पायांच्या, तीन पायांच्या, जाड, बारीक, सगळ्या पिना मांडल्या आणि जर्मनीच्या भिंतीला कशी भोकं असतात ते मलाच विचारलं. मी एकेक पिन नुसती उलटीसुलटी करत राहिलो. वडिलांनी मात्र दिव्याच्या होल्डरमध्ये बसते ती पिन उचलली. आमच्या घरी भिंतीला प्लग नव्हताच. होल्डरमधला बल्बचा गोळा काढायचा, तिथंच पिन दाबून फिरवायची, की इस्त्री तापायची.

"भोकं देशादेशाची येगळी असतीन," ते म्हणाले. "गोळा तं सगळीकडे सारखाच. जर्मन मानूस काय अंधारात जेवते?"

दुकानदाराला ते इतकं पटलं की त्यानं चहा मागवला. पटलं मलाही, हेच वाईट.

कारखान्यात हजर व्हायच्या आदल्या दुपारी मी भाड्याच्या खोलीत खुर्चीवर चढलो आणि गोळा दाबून फिरवला. निघेना. आणखी फिरवला, तर फिरतच राहिला आणि शेवटी आटे पाडलेलं बूड हातात आलं. जर्मन गोळा बाटलीच्या झाकणासारखा पिळून बसवायचा असतो. आमच्या पिनेला आटे कुठले? तरी अर्धा तास मी ती दाबत होतो. घरमालकीण दारात आली तेव्हा तिचा नवा भाडेकरू काखेत इस्त्री धरून छताशी झटत होता. मला जर्मन शब्द दहा येत होते, त्यातला एकही कामाचा नव्हता. तिनं मला खाली उतरवलं, शर्ट ओढून घेतला आणि स्वतःच्या इस्त्रीनं कडक करून आणला. पुढं दर रविवारी ती न सांगता माझे शर्ट घेऊन जायची.

घरी मी लिहिलं, पिन झकास बसली. सोबत कडक शर्टातला कारखान्यातला फोटो धाडला. वडिलांनी ते पत्र अर्ध्या बडनेऱ्याला वाचून दाखवल्याचं कळलं, मग ती थाप मला दोन वर्षं पोसावी लागली. दर पत्रात पिनेची खुशाली.

परत आल्यावर मात्र राहवेना. आई आत स्वयंपाकात होती, वडील बाजेवर बसले होते. मी सगळं कबूल केलं. एवढ्या लोकांसमोर मी त्यांना थाप वाचायला लावली, याचं खरंच वाईट वाटत होतं.

"मले फोटोतच समजलं होतं," ते म्हणाले. "तुह्या हातानं बाहीची कड कधी सरळ आली? म्हटलं, कोनी तरी हाय तिथं पोराचं. तवा कुठं तुह्या मायचं रडनं थांबलं."